मनातला चाकू : किती पाती हवीत, आणि कोणती?

कापसाची पेरणी आटोपल्यावर इंद्रवेल्ली परिसरातील काही शेतकरी बंधुभगिनींना आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. खिशात किंवा कमरेच्या पिशवीत मावेल असा मिटता चाकू तुम्हांला कोणी हवा तसा करून देणार असेल, तर त्यात काय काय मागाल? उत्तरे ऐकताना करमणूक झाली आणि ज्ञानही मिळाले. एका गृहस्थांनी सहा पाती सांगितली, वर करवत, कात्री आणि बाटली उघडणारे आकडे. एका आजोबांना चाकूतच अडकित्ता हवा होता. एका तरुणाला कळ दाबताच फटकन उघडणारा रामपुरी हवा होता. तो कशासाठी, हे मात्र त्याला सांगता आले नाही. शेळ्या पाळणाऱ्या एका बाईंनी एवढेच म्हटले, "टोक नको. घरात लेकरं आहेत." या सर्व याद्यांतील सर्वांत शहाणी यादी हीच, असे आमचे मत आहे.

हा विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु बाजारात अशा बहुपाती चाकूंची आज रेलचेल आहे. चकचकीत, स्वस्त, दहा-बारा अवजारांचे. आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा खिळा ढिला पडतो. पैसे वाया जातात ते जातातच. ढिले पाते ऐन जोरात असताना बोटांवर मिटते, तेव्हा मजुरीचे आठ-पंधरा दिवसही जातात. म्हणून या पानावर त्याचा जरा सविस्तर विचार करू.

जगातले नावाजलेले खिशातले चाकू पाहिले तर त्यांच्यामागे कोणाच्या तरी नेमक्या गरजेची यादी असल्याचे दिसते. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९० च्या सुमारास शिपायासाठी चाकू ठरवला, तेव्हा यादीत चारच गोष्टी होत्या : एक पाते, डबा उघडण्याचे साधन, छिद्र पाडण्याची आरी आणि पेचकस. पेचकस का? तर शिपायाला दिलेली नवी बंदूक खोलून साफ करायला तो लागत असे. १८९१ साली कार्ल एल्सनर यांच्या कारखान्याने असे चाकू सैन्याला पुरवले. बुचाचा स्क्रू वगैरे चैनीच्या गोष्टी १८९७ च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत आल्या. उलट फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगरी मुलखात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली जो चाकू केला, त्यात एकच पाते आणि लाकडाची मूठ. तो शेतकऱ्यांच्या खिशात राहिला तो आजतागायत. १९५५ साली त्यात एक सुधारणा झाली : पात्याच्या बुडाशी फिरणारे लोखंडी कडे बसवले, त्यामुळे उघडे पाते आपोआप मिटत नाही. तिसरा प्रकार अमेरिकेतील गुराख्यांचा, तीन पात्यांचा. एक टोकदार, सर्व कामांचे. एक सरळ धारेचे व बिनटोकाचे, खुरे तासण्यासाठी. आणि एक गोलसर टोकाचे, वासरे व कोकरे खच्ची करण्यासाठी.

आपल्याकडे अशी जोडणी चाकूत झाली नाही, चंचीत झाली. चंचीच्या कप्प्यांत सुपारी, कात, अडकित्ता, चुन्याची डबी. आणि कडीला अडकवलेले कानकोरणे व दातकोरणे. त्या काळच्या माणसाची ती 'मनातली यादी'च होती. आजोबांच्या मागणीचे मूळ तेथे आहे. पण अडकित्ता आम्ही यादीतून काढला. सुपारी, तंबाखूशिवाय खाल्ली तरी, कर्करोग करते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नि:संदिग्ध म्हटले आहे. तोंड पुरते उघडेनासे होणे ही त्याच वाटेवरची आधीची खूण आहे. आजोबा रागावले तरी चालेल.

आता चाकूची घडण समजून घेऊ, म्हणजे जास्त पाती का नकोत ते कळेल. साध्या मिटत्या चाकूत मुठीच्या पाठीशी पोलादाची एक पट्टी असते. तिला आपण पाठकमान म्हणू. पात्याचे बूड खिळ्याभोवती फिरते आणि पाठकमान त्यावर सतत दाब देत असते. त्या दाबामुळे पाते उघडे असता उघडे आणि मिटले असता मिटलेले राहते. बस्स, एवढेच. कुलूप वगैरे काही नाही. एका पाठकमानीवर दोन पाती बसवता येतात, दोन्ही टोकांना एकेक. तिसरे पाते आले की एक तर तिघांनी दोन कमानी वाटून घ्यायच्या, नाही तर मूठ जाड करायची. पाती जितकी जास्त तितके प्रत्येक पाते पातळ, मूठ फुगीर, हातातली पकड कमी, आणि फटींत माती, चीक, कापसाचा तंतू अडकण्याच्या जागा अधिक. काळ्या मातीत काम करणाऱ्याच्या खिशात सहा पाती म्हणजे सहा गंजलेली पाती.

आमच्या मते या भागातल्या शेतकऱ्याला दोन पाती पुरतात. त्यांची निवड मात्र नीट करावी.

पहिले पाते रोजच्या कामाचे. सुतळी, ठिबकची नळी, खताच्या गोणीचे तोंड, कांदा, भाकरीसोबतची मिरची, वेळूची कामटी. तीन इंच लांब, पाठ जाड, धार जवळजवळ सरळ, आणि टोक खाली वळवून बोथट केलेले; म्हणजे अमेरिकन चाकूचे दुसरे पाते. हातातून निसटले तर मांडीत घुसत नाही, आणि शेळीचे वाढलेले खूर तासताना आतल्या जिवंत भागात टोचत नाही. बाईंनी मागितले ते हेच.

या पात्याचे एक काम कापूसवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. पिकाला फुले लागली की डोमकळ्या पाहाव्यात हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे बोंड हिरवे व निरोगी दिसते, आणि अळी आत सरकी खात असते. तेव्हा शेतात तिरपे चालत एकरातून वीस हिरवी, अर्धवट वाढलेली बोंडे तोडावीत आणि एकेक चिरून पाहावे. कप्प्यांच्या आतल्या भिंतीवर फोडासारखा उंचवटा किंवा बारीक भोक दिसते का, आणि जिवंत अळी आहे का, ते मोजावे. विसात दोन बोंडे किडकी, म्हणजे शेकडा दहा, निघाली तर औषध फवारण्याची पातळी गाठली असे समजतात. त्याआधी फवारणी म्हणजे खर्च आणि मित्रकिडींचा नाश. फार नंतर केली तर अळी बोंडात सुरक्षित. हजारोंच्या औषधाचा निर्णय येथे एका छोट्या पात्यावर होतो. बोंड तळहातावर धरून चिरण्याची सवय मात्र सोडावी. पाटीवर, फळीवर किंवा दगडावर ठेवून चिरावे. विळ्याने तर हे काम करूच नये.

दुसरे पाते डोळे भरण्याचे. यावर आम्ही जरा अधिक लिहिणार आहोत, कारण आपल्या बांधांवर व माळावर गावठी बोरी मोकळ्या उभ्या आहेत आणि त्यांतून पैसा उभा राहू शकतो. उन्हाळ्यात गावठी बोरीचा बुंधा जमिनीलगत छाटतात. पावसाळ्याच्या तोंडी जोमदार फूट येते. तीतला एक सरळ फुटवा ठेवून त्यावर उमराण किंवा कडाका यांसारख्या जातीचा डोळा बसवतात. सालीवर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा, उभा इंचभराचा छेद घ्यायचा, साल दोन्ही बाजूंनी हळुवार उचलायची, आणि ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा. डोळ्याचे टोक तेवढे उघडे ठेवायचे.

या कामाला रोजचे पाते चालत नाही. रोजच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असतो. त्यामुळे काप किंचित खोलगट होतो आणि दोन झाडांच्या जिवंत थरांत पोकळी राहते. डोळ्याच्या पात्याला एकाच बाजूने उतार असावा, दुसरी बाजू काचेसारखी सपाट. उजव्या व डाव्या हाताच्या माणसासाठी ही बाजू बदलते; डावखुऱ्याने दुसऱ्याचा चाकू उसना घेऊन कलम बिघडले म्हणून नशिबाला बोल लावू नये. शिवाय साल उचलायला धार नको, गुळगुळीत बोथट जीभ हवी. परदेशी कलमचाकूंत ती हाडाची किंवा पितळेची, मुठीच्या मागल्या टोकाला असते. आपल्याकडे वेळूची घासून केलेली कामटी तेच काम उत्तम करते आणि फुकट मिळते. तेव्हा तिसरे अवजार चाकूत कोंबण्याची गरज नाही.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाते स्पिरिटने पुसावे. संत्रा-लिंबाच्या बागेत तेवढे पुरत नाही, कारण त्या झाडांचा एक रोग नुसत्या चाकूच्या धारेवरून पसरतो आणि स्पिरिटला दाद देत नाही. तेथे कपडे धुण्याच्या ब्लीचचे पाण्यात एकास नऊ असे द्रावण करून पाते बुडवावे. ब्लीच लोखंड खाते. म्हणून लगेच पाण्याने धुवून, पुसून, तेलाचा हात द्यावा.

बाकीच्या मागण्यांचा निकाल थोडक्यात लावू. खच्ची करण्याचे पाते नको. बर्डिझोच्या चिमट्याने रक्त न काढता ते काम होते आणि गुरांच्या दवाखान्यात ते करून देतात. करवत व कात्री वेगळ्या घ्याव्यात, खिशातली करवत फांदी कापत नाही, हात कापते. रामपुरीबद्दल कायदा सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरकाम व शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यांतून वगळली आहेत. कमरेला विळा लावून शेतात निघालेल्याला म्हणून कोणी अडवत नाही. कळीचा लांब चाकू कोणत्या शेतीसाठी, हे फौजदाराला पटवून देणे अवघड जाईल.

पोलादाविषयी लिहिताना मन थोडे मागे जाते. आपल्या निर्मलच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोणसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या बंद मुशींत लोखंड कोळशाच्या भट्टीत तासन्‌तास तापवून पोलादाच्या वड्या करीत. त्या विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रजी डॉक्टराने ही कृती पाहून लिहून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापली गेली. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या तलवारींचे पोलाद हे अशा दक्षिणी मुशींतले. तेलुगू-कन्नडातील 'उक्कु' या शब्दावरून त्याला इंग्रजीत 'वूट्झ' म्हणू लागले, असे मानतात. ज्या मुलखाने जगाला पोलाद दिले, तेथील माणूस आज कुठल्या तरी कारखान्याचा मऊ चाकू घेऊन आठवड्याला धार लावत बसतो, हे आम्हांस खटकते.

गावचा लोहार आजही चांगले पाते करू शकतो, माल योग्य दिला तर. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद चिवट असते. त्यात कर्ब साधारण अर्धा टक्का किंवा किंचित अधिक असतो. रोजच्या पात्याला ते योग्य. जुन्या चांगल्या कानशीत कर्ब एक टक्क्याच्या वर असतो. डोळ्याच्या पात्याला, जेथे धार वस्तऱ्यासारखी हवी, तेथे कानस वापरावी. घडवून झाल्यावर पाणी चढवणे हा खरा कौशल्याचा भाग. लाल तापलेल्या पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सियस उष्णता झाली. त्याहून किंचित अधिक तापवून पाते तेलात बुडवावे. पाण्यात बुडवले तर कमानपाट्याच्या पातळ पात्याला तडा जाण्याची भीती असते. मग ते इतके कडक होते की पडले तर काचेसारखे मोडेल. म्हणून घासून उजळ केल्यावर पुन्हा सावकाश शेकायचे. उजळ धातूवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. तेथे उष्णता सुमारे सव्वादोनशे अंश असते. निळा रंग आला तर पाते मऊ झाले. बाजारात सायकलच्या चाकावर धार लावून घेताना ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि धारेची कड निळी होते, तेव्हा नेमके हेच घडते; नंतर कितीही धार लावा, ती टिकत नाही.

धार घरी लावावी. पाते दगडावर उभे धरा, मग अर्धे वाकवा, पुन्हा त्याच्या निम्मे वाकवा. जो कोन उरतो तो रोजच्या पात्याला ठीक. डोळ्याच्या पात्याची उताराची बाजू तेवढी घासावी, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एखाद-दुसरा हात द्यावा. निसणा नसेल तर चिनी मातीच्या बशीची खालची खरखरीत कड चालते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-वीस वेळा ओढावे. कैरी कापल्यावर पाते काळेनिळे पडते, त्याने बिघडत काही नाही; पण ओले ठेवले तर गंजते.

या चाकूने जे करू नये ते सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण त्यात जीव जातात.

साप चावल्यावर जखमेवर चीर देऊ नये. एकेकाळी पाते व चोखणी असलेल्या पेट्या जगभर विकल्या जात, म्हणून तो समज पक्का झाला. विष चीर देईपर्यंत आत पसरलेले असते. ते बाहेर येत नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची शक्तीच नष्ट होते, मग तुम्ही दिलेली चीर वाहतच राहते. दोरीने आवळू नये. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, १०८ ला फोन करावा आणि उटनूरला किंवा आदिलाबादच्या रिम्समध्ये तडक न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस असते.

बाळाची नाळ घरच्या चाकूने किंवा विळ्याने कापू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि पाते पुसल्याने जात नाहीत. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ साली सिद्ध केले, ते दवाखान्यातील बाळंतपणामुळे व लसीमुळे. जंतू मात्र आहेत तेथेच आहेत.

जनावराचे पोट फुगले तर डाव्या भकाळीत चाकू खुपसू नये. फ्रान्सच्या लागिओल चाकूतली आरी गुराखी याच कामी वापरीत असे सांगतात. पण चाकूच्या भोकातून शेण-पाणी पोटाच्या पोकळीत सांडते आणि जनावर तीन-चार दिवसांनी मरते. डॉक्टर नळीसह सुई घालतात, त्यामुळे वायू नळीतून निघतो. तोवर जनावराचे पुढचे पाय उंचावर ठेवावेत, तोंडात आडवी काठी बांधून लाळ गळू द्यावी, आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याला बोलवावे.

आणि स्वत:चा हात कापला तर? स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून दहा मिनिटे धरावे, मधे उघडून पाहू नये. रक्त थांबल्यावर साबण व पाण्याने धुवावे. हळद, चुना, चहापूड, राख, रॉकेल यांपैकी काही भरू नये. मग बोटाचे प्रत्येक पेर वाकते का, सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, ते पाहावे. एखादे पेर हलत नसेल तर आतली कंडरा तुटलेली आहे. बाहेरची कातडी भरून आली तरी ते बोट कायमचे निकामी राहील. म्हणून त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात जावे. जखम मातीची असेल आणि शेवटची धनुर्वाताची लस पाच वर्षांपूर्वीची असेल, तर पुन्हा टोचून घ्यावी.

लोहाराकडे जाणाऱ्यांसाठी मापे : मूठ चार इंच, रोजचे पाते तीन इंच, डोळ्याचे पाते दोन इंच, दोन्ही विरुद्ध टोकांना, एकाच पाठकमानीवर. मुठीला टेंभुर्णीचा काळा गाभा, शिसम किंवा बाभूळ घ्यावी. निर्मलची खेळणी ज्या पोनिकी लाकडाची होतात ते या कामी फार मऊ. सांबराच्या शिंगाची मूठ कोणी देऊ केली तर घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती विकणे गुन्हा आहे, जंगलात पडलेले शिंग असले तरी. मापे तोंडी सांगू नयेत. पुठ्ठ्यावर चाकू पूर्ण आकारात कापून न्यावा, दोन्ही पाती खिळ्याच्या जागी टाचणीने फिरवून मिटतात का ते घरीच पाहावे. डोळ्याच्या पात्याची सपाट बाजू कोणती, तिच्यावर खडूने खूण करावी. चाकू हातात मिळाल्यावर उघडे पाते दोन बोटांत धरून आडवे हलवून पाहावे. किंचितही डुगडुगले तर लोहाराला तेथेच खिळा ठोकून घट्ट करायला सांगावे, आणि मगच पैसे द्यावेत.